डंखावरचं घर

लालबागच्या मसाला गल्लीत घर विकायला काढणं सोपं. ते विकलं जाणं ही वेगळी गोष्ट. आकांक्षा घाडीगावकरचं घर तसं पाहिलं तर झकास होतं. पहिला मजला, दोन खोल्या, मोरी-संडास आतच, कागदपत्रं चोख, कुठे ओल नाही की पोपडे नाहीत. पण घराच्या बरोब्बर खाली होता मसाला कुटायचा डंख! डंख ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगावं? विजेवर खालीवर होणारी लोखंडी मुसळांची रांग, तळाशी उखळी, त्यात भाजलेल्या मिरच्या आणि धणे पडले की धाड, धाड, धाड. दुकान उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. होळी झाली की अर्धी मुंबई वर्षाचा मसाला करून घ्यायला इथे लोटते, आणि मग वरच्या घरातली फरशी थरथरते, मांडणीवरची भांडी एकमेकांशी भांडतात आणि पुढच्या खोलीत बसलेला माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. फक्त सोमवारी डंख बंद.

आकांक्षा या आवाजात जन्मली आणि या आवाजाचा तिला जन्माचा तिटकारा. दहावीचा अभ्यास तिने वाचनालयात केला, रविवारी कानात इअरफोन घालून ती मैत्रिणींकडे पळायची, आणि परळच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तिला पहिला आनंद झाला तो तिथल्या शांततेचा. घरात ती आणि आई, दोघीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पण घर विकायचं होतं ते आवाजासाठी नाही. विकायचं होतं आईसाठी. सुभद्राबाईंचे गुडघे गेले होते आणि त्या इमारतीचा लाकडी जिना म्हणजे शिडीचा थोरला भाऊ. मागे एकदा त्यांना खुर्चीत बसवून दवाखान्यात न्यायला उतरवत होते, तेव्हा जिन्याच्या वळणावर एकाचा पाय सटकला आणि खुर्ची कलंडली. लागलं काही नाही, पण बाईंनी अशी धास्ती घेतली की त्यानंतर दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. सख्खी बहीण वारली, तरी उतरल्या नाहीत. खिडकीत बसायच्या, खालची गर्दी बघायच्या, आणि आकांक्षाने बाजारातून मासे आणले की पिशवीत नाक खुपसून म्हणायच्या, "ह्या पापलेटान कधी समुद्र बघलेलो की नाय?" स्वतःच्या हाताने मासा दाबून, कल्ला उघडून घेण्यावाचून त्यांना दुसरी इच्छा नव्हती. आकांक्षाने भोईवाड्यात तळमजल्याची जागा हेरून ठेवली होती. पायरी नाही, दारातून सरळ रस्ता, बाजार जवळ. तिथला मालक भला माणूस, मे संपेपर्यंत थांबतो म्हणाला. त्याआधी लालबागचं घर विकलं गेलं तर आई खाली उतरणार. नाही तर उरलेला जन्म खिडकीत. या घोरापायी आकांक्षाची झोपच उडाली होती. कित्येक महिने ती रात्रभर छताकडे बघत पडायची, सकाळी लॅबमध्ये डोळे ताणून सुईला दोरा ओवल्यासारखी नळ्या भरायची.

पहिला एजंट टाय लावणारा होता. "मॅडम, ओन्ली मंडे व्हिजिट," असं म्हणाला, भिंतींना बदामी रंग मारायला लावला, कोपऱ्यात मोगऱ्याचा वास सोडणारी डबी ठेवली. सोमवारी एक सभ्य जोडपं आलं, खूश झालं, पेढेसुद्धा देऊन गेलं. आकांक्षाचा जीव भांड्यात पडला. पण बुधवारी ते कपाटाचं माप घ्यायला सुताराला घेऊन न सांगता आले. सुताराच्या हातातली टेप थरथरत होती. नवऱ्याने फरशीकडे बघितलं, मग सुभद्राबाईंकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "आजी, तुम्ही तरी सांगायचं होतं."

सुभद्राबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

लॅबमधल्या एका मैत्रिणीने मग सांगितलं, "भोईवाडा कोर्टासमोर झेरॉक्सवाल्याकडे एक म्हातारा बसतो. श्यामकांत धैर्यवान. तोंडाचा फटकळ आहे, सांभाळून. पण त्याने विकलेल्या घरावरून भांडण झालेलं कोणी ऐकलेलं नाही."

झेरॉक्सच्या मशीनशेजारी स्टुलावर तो बसला होता. पांढरा बुशशर्ट, काखेत छत्री. फेब्रुवारीचं ऊन आणि काखेत छत्री! गिरगावातला पाठारे प्रभू माणूस, बोलणं स्वच्छ, नाक सरळ आणि रागही नाकावर. घराण्याचं विचारलंत तर स्वतःच हसायचा. "पणजोबांनी गिरगावात घरं घेतली. आजोबांनी निम्मी विकली, वडिलांनी उरलेली विकली. विकायची सवय रक्तात, आणि माझ्या वाट्याला एकही घर शिल्लक नाही. मग काय करणार? लोकांची विकतो." स्वतः दादरला भाड्याच्या जागेत राहायचा.

आकांक्षाने सगळं सांगितलं. सोमवारचं सांगताना तिची मान खाली गेली. म्हाताऱ्याने छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

"माझ्या तीन अटी," तो म्हणाला. "पहिली, घर मी त्याच्या सगळ्यात वाईट वेळेला दाखवतो. तुझं घर दाखवायचं एप्रिलमध्ये, रविवारी, भर दुपारी."

"काका, वेड लागलंय का तुम्हाला?"

"दुसरी," त्याने ऐकलंच नाही, "घराच्या खोड्या घरातली सगळ्यात मोठी बाई सांगणार. कौतुक एका शब्दाचं नाही, फक्त खोड्या. मी तोंड उघडणार नाही, तूही उघडायचं नाहीस."

"आणि तिसरी?"

"घर विकलं जाईपर्यंत मी तुमच्याकडे चहा पिणार नाही. ज्या घरचा चहा प्यायलो त्या घराच्या खोड्या मला दिसेनाशा होतात."

आकांक्षा उठलीच. हा माणूस घर विकतोय की बुडवतोय? पण जाऊन जाऊन जाणार कुठे? दुसरा एजंट म्हणजे पुन्हा सोमवार. ती परत बसली.

"घर बघायला चला म्हणतेस ना? चल," म्हणत तो निघाला, आणि भोईवाड्यापासून लालबागपर्यंतच्या त्या चालण्यात आकांक्षाच्या मनाची एक गाठ सैल झाली. दर चार पावलांवर त्याला कोणीतरी अडवत होतं. एका गॅलरीतून एक बाई ओरडली, "काका, तुम्ही म्हणाला होतात पाणी कमी येतं. खरंच कमी येतं हो!" आणि खदखदून हसली. जसं काही म्हाताऱ्याने तिला बक्षीसच दिलं होतं! कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "ढेकूण आहेत सांगितलं होतंत, आहेत. पण आता कमी झाले." एका माणसाने हातातलं काम टाकून त्याला फुटपाथवरून हाताला धरून पलीकडे नेलं. आकांक्षा बघत राहिली. एजंट म्हटल्यावर लोक तोंड चुकवतात हे तिला माहीत होतं, पण इथे लोक आपल्या घराच्या खोड्या सांगायला धावत येत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तक्रारीचा मागमूस नव्हता!

"काका, हे कसं काय?"

"त्यात कसं काय कसलं? मी याच भागात भाजी घेतो. विकलेल्या घरातला माणूस मला वांग्यांच्या ढिगापाशी भेटतो. आज भेटतो, उद्या भेटतो, वीस वर्षं भेटतो. त्याने तोंड फिरवलं तर मी वांगी कशी निवडू?"

घरी आल्यावर तो उंबऱ्यापाशी उभा राहून खालच्या डंखाचं धाडधाड ऐकत राहिला. चहा नाकारला. सुभद्राबाईंसमोर वाकून मोठ्याने म्हणाला, "वहिनी, खोड्या सांगायच्या. जमेल?"

सुभद्राबाईंचा चेहरा त्या पेढ्यांच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच उजळला. "खोडयो? भावजी, तुमी बसा तरी. सकाळ होईत पण खोडयो संपाच्यो नाय."

एप्रिल आला. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत, डोक्याला पदर, नाकाला रुमाल, आणि त्यांच्यामधून वाट काढत श्यामकांत धैर्यवान एकेक गिऱ्हाईक वर आणत होता. एक बँकवाले आले, जिन्यातच शिंकायला लागले आणि शिंकतच परत गेले. एका बाईंनी फरशीवर पाय ठेवला आणि "भूकंप!" म्हणून किंचाळल्या. एका तरुणाने तर सुभद्राबाईंची पहिली खोड ऐकली आणि दुसरी सांगायच्या आत हात जोडले. आणि म्हातारा? खिडकीपाशी छत्रीवर रेलून उभा, तोंडातून चकार शब्द नाही. गिऱ्हाईक गेलं की सुभद्राबाईंना नमस्कार करायचा आणि जिना उतरायचा.

तिसऱ्या रविवारी आकांक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्ही माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटताय!" ती जिन्यातच त्याच्यावर कडाडली. "मे संपला की भोईवाड्याची जागा जाणार. माझी आई वरच मरेल. तुम्हाला काय, तुम्ही वांगी निवडा!"

तो वळणावर थांबला. खुर्ची कलंडली होती नेमक्या त्याच वळणावर. कठड्याला धरून श्वास घेतला. सत्तरीला टेकलेला माणूस, दर रविवारी तो हा जिना चार-चारदा चढत होता, हे तिला तेव्हा दिसलं.

"आकांक्षा," तो म्हणाला, "सोमवारी घर आवडणारी माणसं शेकड्याने मिळतील. मला रविवारी आवडणारं एकच हवंय." आणि उतरून गेला. आकांक्षाला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

पुढच्या रविवारी तो जे जोडपं घेऊन आला त्यांना बघून आकांक्षाने कपाळाला हातच लावला. वरळी कोळीवाड्यातला निमेश आणि त्याची बायको तेजस्वी. निमेशच्या खांद्यावर आठ-नऊ महिन्यांची मुलगी, आणि ती पोर अशी टाहो फोडून रडत होती की खालचा डंख फिका पडावा. जिना चढेपर्यंत दोघांचे चेहरे उतरले होते. तेजस्वीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आकांक्षाने ती लगेच ओळखली. आरशात रोज बघत होती ना.

"सॉरी हा," निमेश ओरडून म्हणाला, ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. "ही झोपतच नाही. दिवस नाही, रात्र नाही. कोळीवाड्यात घर आमचं धक्क्याला लागून, पण भावांची लग्नं झाली, जागा पुरेना. म्हणून टॉवरमधे भाड्याने गेलो. बाविसावा माळा, काचा बंद, एसी. एकदम पिनड्रॉप. तिथे गेल्यापासून हिचं हे असं. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली."

पुढच्या खोलीत ठसका लागत होता म्हणून सुभद्राबाईंनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. तिथे मिरचीचा त्रास नसायचा, पण डंख नेमका खाली, त्यामुळे थरथर सगळ्यात जास्त तिथेच. म्हातारा खिडकीपाशी जाऊन छत्रीवर रेलला. सुभद्राबाईंनी सुरुवात केली.

"पयली खोड. होळीपासून पाऊस पडासर पुढची खिडकी उघडाची नाय. उघडलास तर डोळे गेले समजा. दुसरी, मांडणीवर काचेचा सामान ठेवायचा नाय, चालत चालत खाली येता. तिसरी, जिनो. ह्यो जिनो माझो वैरी. म्हातारपण येयच्या आधी हयसून निघाक व्हया, माझ्यासारख्या बसान रवू नका."

"मासे?" तेजस्वीने दबकत विचारलं. "म्हणजे… आम्ही कोळी. चार सोसायट्यांनी मासे म्हटल्यावर नाही सांगितलं."

"मासे?" सुभद्राबाई खुर्चीत ताठ झाल्या. "गो बाय, ह्या घरात दोन रोज बांगडो शिजलो नाय तर शेजारी विचाराक येतत, कोण आजारी आसा काय?"

खोड्या सांगायच्या तर हे कौतुक झालं. आकांक्षाने घाबरून म्हाताऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. पोरगी मात्र रडतच होती, रडून रडून निळी पडायची वेळ. निमेश तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन घामाघूम झाला होता.

"ठेव तिका हय खाली," सुभद्राबाई म्हणाल्या. "गोधडीवर. अरे, ठेव म्हणतंय ना!"

आकांक्षाने गोधडी अंथरली. निमेशने पोरीला फरशीवरच्या त्या गोधडीवर उताणं ठेवलं. खालून धाड, धाड, धाड. गोधडी थरथरत होती, गोधडीवरचं ते इवलंसं पोट थरथरत होतं. पोरीने एक हुंदका दिला. मग अर्धा. मग तिने डोळे मोठे करून छताकडे बघितलं, जसं काही कोणी ओळखीचं हाक मारतंय. मुठी उघडल्या. पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या, आणि ती झोपली.

कोणी हललं नाही. भांडी खणखणत होती, खाली बायका "माझा नंबर, माझा नंबर" करून भांडत होत्या, मुसळं आदळत होती, आणि त्या सगळ्या कल्लोळात पाच मोठी माणसं श्वास रोखून होती. तेजस्वीने तोंडावर हात घेतला. निमेश फरशीवर बसला आणि त्याने स्वतःचा तळवा जमिनीवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"बोट," तो बायकोला म्हणाला. "अगं, बोटीचं इंजिन. आपल्या घराच्या मागे दिवसभर चालतं ना, सेम तसं. पायाला लागतं बघ."

तेजस्वी खाली बसली. तिनेही हात टेकवला, आणि तिला रडूच कोसळलं. इतके महिने पोरीला काय हवंय ते कोणाला कळलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिला स्वतःलाही तेच हवं होतं.

सुभद्राबाईंनी मान हलवली. त्यांना नवल वाटलेलं दिसत नव्हतं. "हां. आता चौथी खोड सांगतंय," त्या म्हणाल्या. "ती सगळ्यात मोठी. हय वाढलेल्या पोराक सोमवारी झोप येणा नाय. माझा ह्या चेडू," त्यांनी आकांक्षाकडे बोट केलं, "तान्ह्या होता तेव्हा अशाच. डंख चालू तर झोपलेला, बंद झालो की उठला. एका सोमवारी तेका ताप इलो. दिवसभर रडला, घशातसून आवाज फुटणा नाय. माझो घो कामावर. दुपारी तुळशीदास वर इलो, डंखवालो. माका विचारल्यान, 'वयनी, चेडू कित्याक रडता?' मी म्हटलंय, 'तुमचो डंख बंद म्हणान.' मी आपली वैतागान बोललंय. तो खाली गेलो, कुलूप काढल्यान, आणि रिकामो डंख चालू केल्यान. एक मिरची नाय आत. सुट्टीचो दिवस, तो एकटो थय बसान रवलो. ह्या झोपासर. आणि मगे ह्या उठासर."

आकांक्षाला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.  तुळशीदास म्हणजे खालच्या डंखाचा तो म्हातारा मालक, ज्याच्या मुलाशी ती बारावीच्या वर्षी भांडली होती, आवाज कमी करा, पोलिसात जाईन म्हणून. तो तेव्हा मागे बसून नुसता ऐकत होता. एका शब्दाने बोलला नव्हता की बाई, तुझ्यासाठी मी काय केलंय.

"आई, मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुया कधी विचारलंस? तुया कानात ता घालून पळायचंस."

खिडकीपाशी खाकरण्याचा आवाज आला. श्यामकांत धैर्यवानांनी छत्री कोपऱ्यात टेकवून ठेवली. काखेतून छत्री सुटलेली आकांक्षाने आजवर पाहिली नव्हती. ते गोधडीपाशी आले, झोपलेल्या पोरीकडे वाकून बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आयुष्यभर घरं दाखवलेला तो माणूस एखाद्या लहान मुलासारखा थक्क होऊन फरशीकडे बघत होता.

"वहिनी," ते म्हणाले, "चहा टाकायला सांगा. सगळ्यांना."

मे संपायच्या आत कागद झाले. सामान हलवायला सोमवारच हवा होता. इतर दिवशी त्या गल्लीत टेम्पो शिरणं अशक्य. सकाळपासून निमेश आणि त्याचे भाऊ सामान उतरवत होते. खोल्या रिकाम्या झाल्या, आणि शेवटी सुभद्राबाईंची खुर्ची उरली. चौघांनी ती उचलली. समुद्रावर जाळी ओढणारे हात, ते कुठे डगमगतात? आकांक्षा पुढे, उलटी उतरत, आईकडे तोंड करून. "आई, माझ्याकडे बघ. खाली बघू नको."

वळण आलं आणि सुभद्राबाईंनी कठडा धरला. दोन्ही हातांनी. बोटं पांढरी पडली. "नको. माका वर न्हेवा. माका नको ता घर, माका वर न्हेवा!"

"आई, आता फक्त थोडंच राहिलंय."

"न्हेवा म्हणतंय ना!"  निमेशने खुर्ची घट्ट धरून ठेवली, पण कठड्यावरची बोटं सुटेनात. जबरदस्ती केली तर पुन्हा तेच. गल्ली सामसूम, सोमवारची, कुठे चिटपाखरू नाही.  इतकं सगळं करून, घर विकून, आता आईला ठेवायचं तरी कुठे? वरचं घर आता दुसऱ्याचं होतं.

आणि खाली डंख सुरू झाला.

धाड, धाड, धाड. पण आवाज निराळा. मिरची नव्हती, धणे नव्हते, लोखंडावर लोखंड, कोरडं. जिना थरथरायला लागला. कठडा थरथरायला लागला, आणि त्याच्यावरची ती पांढरी बोटंही. सुभद्राबाईंनी मान वर केली. ऐकलं. लग्न होऊन आल्यापासून पायाखाली असलेला आवाज, तो ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"तुळशीदास," त्या म्हणाल्या. "मेलो सुट्टीच्या दिवशी इलो."

त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा. "चला," म्हणाल्या, "काय उभे रवलास? चला!"

खुर्ची वळणावरून उतरली, शेवटची पायरी उतरली, आणि सुभद्राबाई घाडीगावकर दोन वर्षांनी मसाला गल्लीच्या उन्हात आल्या. समोर डंखाच्या दारात काठी टेकून तुळशीदास उभे होते. वाकलेले, एक हात अजून स्विचवर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या आवाजात बोललेलं ऐकू तरी काय येणार होतं?

"तुम्ही सांगितलंत त्यांना?" आकांक्षाने धैर्यवानकाकांना विचारलं.

"मी कशाला सांगू? सोमवारी टेम्पो येणार एवढंच म्हणालो होतो," काका म्हणाले, आणि छत्री उघडून सुभद्राबाईंच्या डोक्यावर धरली. तेव्हा कळलं ती छत्री कशाला असते.

आकांक्षाला तुळशीदासांच्या पाया पडायचं होतं. पण सकाळपासून ती उभीच होती, म्हणून आधी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. क्षणभर टेकावं म्हणून. पायरी थरथरत होती. पाठीला भिंत थरथरत होती. डोकं भिंतीला टेकलं.

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी हात वर करून त्याला असं दटावलं की त्याने गाडीच बंद केली. "थांब जरा," ते म्हणाले, "घाई कसली?" निमेशने हातातलं गाठोडं आवाज न करता खाली ठेवलं.

कित्येक महिन्यांची जागी असलेली आकांक्षा, तोंड किंचित उघडं, भर दुपारी जिन्याच्या तोंडाशी गाढ झोपली होती. सुभद्राबाईंनी खुर्चीतून वाकून बघितलं. मग डंखाच्या दाराकडे वळून त्या जोरात ओरडल्या, "तुळशीदासानू! बंद करू नका हां! चेडू झोपलाहा!"

तुळशीदासांनी स्विचवरचा हात काढला, काठी बाजूला ठेवली आणि आत जाऊन रिकाम्या पोत्यांवर बसले.